वॉटलच्या बिया, सूप आणि बेसनाचे लाडू

डिसेंबर लागला की माझा अर्धा जीव मागच्या अंगणातल्या वॉटलच्या झाडात अडकलेला असतो. इकडे ॲडलेडला तेव्हा उन्हाळा, शेंगा तपकिरी होतात आणि चार दिवस कडक ऊन पडलं की तडकून बिया खाली, आणि खाली पडल्या की मुंग्या लगेच घेऊन जातात, प्रत्येक बीला चिकटलेला तेलकट देठ त्यांना फार आवडतो. म्हणून शेंगा खुळखुळायला लागल्या की मी ताडपत्री अंथरून फांद्या झोडपते.

आमचं झाड गोल्डन वॉटल, 1988 पासून ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय फूल. आपल्या बाभळीच्या गोतातलंच, पण बिनकाट्याचं. बी इतकी टणक की नुसती पेरली तर वर्षानुवर्षं मातीत तशीच पडून राहते, रानात वणव्याच्या धगीने कवच फुटतं, घरी उकळतं पाणी ओतायचं, रात्रभर त्यातच ठेवायची आणि सकाळी फुगलेल्या तेवढ्या पेरायच्या. शेंगा धरायला तीनेक वर्षं लागली.

एक नक्की सांगते, दिसली वॉटल की खाल्ली असं करू नका. इथे वॉटलच्या हजाराच्या आसपास जाती आहेत आणि काही विषारी, जॉर्जिना गिजी नावाची जात खाऊन तर गुरं मरतात. आधी जात पक्की ओळखा.

मळणी आपलीच! शेंगा उशीच्या जुन्या अभ्र्यात भरून तुडवायच्या आणि सुपात पाखडायच्या. सूप सांगलीहून आणलंय, एअरपोर्टवर डिक्लेअर करून. आजी ज्वारी पाखडायची तसं मनगट फिरवलं की फोलपटं पुढे उडतात, काळ्या बिया मागे राहतात, आणि दरवेळी मला तिचीच आठवण येते.

मग लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायच्या, मोहरीसारख्या तडतडतात आणि घरभर कॉफी-चॉकलेटसारखा वास सुटतो. मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी बायका हजारो वर्षं अशाच बिया भाजून, दगडावर वाटून, राखेत भाकरी भाजत आल्यात. आइस्क्रीममध्ये वॉटलसीड घालून विकतात ना, त्या डब्यावर हे लिहिलेलं असायला हवं असं मला फार वाटतं, कारण विद्या त्यांची आहे.

मी मिक्सरला पूड करते आणि बेसन भाजून होत आलं की वाटीला एक चमचा घालते. लाडू खमंग होतात, पोरं दोन-दोन उचलतात. यंदा पोतंभर शेंगांतून जेमतेम दोन वाट्या बिया निघाल्या, वरच्या फांद्या अजून राहिल्यात, त्या उद्या ऊन चढायच्या आत.