मी ह्या गावचा न्हवं काय रे?

२०२३ च्या जूनमध्ये औरंगजेबाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून आमच्या कोल्हापुरात बंद झाला, दगडफेक झाली, मग नेटच बंद केलं. व्हॉट्सॲप चालेना म्हणून मी गाडी काढली आणि दोस्ताच्या घरी गेलो. तो मुसलमान, टेलर आहे, आमच्याच तालमीतला, गणपतीला मंडळातल्या पोरांचे कुर्ते दरवर्षी तोच शिवतो. शटर खाली, आणि हा आत मशीनसमोर नुसता बसलेला, सुईत दोरा पण ओवलेला नव्हता. मला बघून म्हणाला, "मी ह्या गावचा न्हवं काय रे?"

मला बोलताच आलं नाही. व्हय म्हणायला काय लागतंय, पण पन्नास वर्षांच्या माणसाला हे विचारायची पाळी यावी?

तेव्हापासून सारखं डोक्यात येतं, देश एक पाहिजे म्हणजे नक्की काय पाहिजे. बरेच जण म्हणतात सगळे एकसारखे झाले की एकी होईल, मला ते अजिबात पटत नाही. शाहू महाराजांनी तरी कुठं सगळ्यांना एकसारखं केलं? आधी सगळ्यांसाठी मिळून वसतिगृह करून बघितलं, त्यातनं मागं पडलेल्या पोरांची सोय होईना, मग १९०१ पासून एकेका समाजाला बोर्डिंग काढायला जागा दिली, पैसा दिला, मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्यांच्या पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. १९०२ मध्ये मागासलेल्यांना नोकरीत ५० टक्के जागा. म्हणजे आधी प्रत्येकाला पाय ठेवायला जागा, मग एकीची भाषा. आणि नुसतं हुकूम काढून थांबले नाहीत हे मला लै मोठं वाटतं. अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळेंना सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून मारलं होतं, त्यांना महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं, आणि तिथं गाडी थांबवून स्वतः चहा प्यायचे, बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. राजाच प्यायला म्हटल्यावर बाकीचे नाही कसं म्हणणार!

संविधानाच्या उद्देशिकेत बंधुता शब्द आहे ना, तिथं व्यक्तीची प्रतिष्ठा आधी लिहिलीय आणि राष्ट्राची एकता नंतर. शाळेत हे रोज म्हणायचो पण तो क्रम कधी लक्षातच आला नाही, दोस्ताच्या त्या प्रश्नानंतर आला.

जूननंतर दोन महिने पण झाले नाहीत तोवर मोहरम आला. आमच्याकडं हिंदू घरांतनं नवस असतात, तालमीत पीर बसतात, २०१९ ला तर गणपती आणि पीरांचे पंजे एकाच मांडवात होते, हे बाहेरच्यांना सांगितलं तर खोटं वाटतं. पण त्या वर्षी मला भीती वाटत होती, लोक येतील का, दोस्त तरी येईल का. खत्तल रात्रीला, म्हणजे विसर्जनाच्या आदल्या रात्री, आईनं नेहमीसारखे गुळाचे चोंगे, मोहरमच्या गोड रोट्या, केले, डबा भरला, आणि आम्ही गेलो. गर्दी होती. ऊदाचा धूर, हलगी, बायका पंज्यांना अबीर लावत होत्या, आणि दोस्त दाराशी पिंपातनं सरबत वाटत होता. आईनं डबा तिथंच उघडला, पीराला दाखवल्यावर पहिला चोंगा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "खा आधी, सकाळपास्नं उभा हाईस." त्यानं सरबताचा जग खाली ठेवला आणि तिथंच उभ्यानं खाल्ला.