नावातच केर!

जर्मनीत, स्टुटगार्टच्या भाड्याच्या घरात येऊन आज 9 दिवस झाले. ताबा मिळाला तेव्हा छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या. स्वयंपाकघरात ना ओटा, ना सिंक. जाणारा भाडेकरू दिवे आणि अख्खं किचन काढून घेऊन जातो, हे म्हणे इकडे नेहमीचंच! डिपॉझिटचा पहिला हप्ता भरून आम्ही चार दिवस बाथरूमच्या बेसिनमध्ये तांदूळ धुतले. आईला अजून सांगितलेलं नाही.

आज सकाळी दार उघडलं तर हँडलला एक लाकडी पाटी लटकवलेली. 'केरवोखे'. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची. नावातच केर! नवऱ्याला म्हटलं, जमेल रे आपल्याला ही भाषा.

झाडू मारून वर आले, तोच खालच्या आजी दारात. बोट धरून नेल्यासारखं मला परत खाली नेलं आणि कठड्यावरून बोट फिरवून दाखवलं. धूळ. मग ओल्या फडक्याने कठडा, पायऱ्यांचे कोपरे, पायपुसण्याखालची फरशीसुद्धा. माझी सासू बरी, असं क्षणभर वाटलं (वहिनी, स्क्रीनशॉट पाठवू नकोस).

जाता जाता आजींनी आमच्या रिकाम्या पत्रपेटीकडे बोट केलं. इथे फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन आडनाव बघतो. बँकेचं कार्ड का येत नव्हतं ते आत्ता कळलं! लेकीने लगेच चिकटपट्टीवर आडनाव लिहिलं. अक्षरं पुरली नाहीत, शेवटचं 'कर' खालच्या ओळीत गेलंय.