अडीच मिलिमीटर

मे महिन्यात कोकणात निघालेला माणूस पावसाचा विचार करत नाही, तिकिटाचा करतो. पूर्वी रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. म्हणजे मेअखेरच्या गाडीसाठी मार्चअखेरीस तयार राहायचं. शिमगा आटोपून परतलेला चाकरमानी गावची पिशवी रिकामी करायच्या आधीच सकाळी आठच्या ठोक्याला मोबाईल घेऊन बसतो, आणि आठ वाजून तीन मिनिटांनी घरातल्या सगळ्यांना 'वेटिंग' एवढंच सांगून आंघोळीला जातो. एकदा तिकीट कन्फर्म झालं की सुट्टी ठरली. पुढे आभाळात काय चाललंय ते आपल्या अखत्यारीत येत नाही. मृग ७-८ जूनला, मुंबईत मान्सून ११ जूनला, शाळा त्याच सुमाराला. हे गणित आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की पावसालाही ते ठाऊक असावं असं आपण धरून चालतो.

२०२५च्या मे महिन्यात पावसाने हे गणित पार विस्कटून टाकलं. २४ मेला शनिवारी मान्सून केरळात पोचला, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी. २००९ नंतर इतक्या लवकर तो आला नव्हता. त्याच दिवशी अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर चढला. आणि रविवारी सकाळी आम्ही ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेसमध्ये चढलो, मुलाच्या बॅगेत चार अर्ध्या चड्ड्या आणि एक उन्हाची टोपी घेऊन.

यातली खरी गंमत रेल्वेचीच. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक एरवी १० जून ते ३१ ऑक्टोबर असतं, त्यात गाड्या सावकाश चालवतात. त्या वर्षी ते आखडून १५ जून ते २० ऑक्टोबर केलं होतं. रेल्वेने पावसाळा पाच दिवस पुढे ढकलला आणि पाऊस तीन आठवडे आधी येऊन दारात उभा.

डब्यात बातमी होतीच. रविवारचं वर्तमानपत्र एकानेच घेतलेलं होतं, पण ते पानापानाने सगळ्या कंपार्टमेंटमध्ये फिरत होतं. आपल्याकडे गाडीत पेपर विकत घेणाऱ्याला पहिलं पान शेवटी वाचायला मिळतं. त्याच्या वाट्याला येतं ते छोट्या जाहिरातींचं. समोरच्या खिडकीत डोंबिवलीचं कुटुंब, नवरा-बायको आणि दोन मुलं, तारकर्लीला स्कुबा करायला निघालेलं. त्यांच्या बाजूला वाशीच्या मार्केटला आंबा पोचवून परतणारे देवगडकडचे एक बागायतदार. आमच्या बाकावर कुडाळच्या एक काकी. पॅसेजच्या सीटवर एक आजोबा, आणि त्यांच्यासमोर गाडी कुठे पोचली ते ॲपवर बघत राहणारा एक मुलगा. असा एक मुलगा प्रत्येक डब्यात असतो. स्टेशनची पाटी खिडकीतून डोळ्यांसमोर दिसत असताना तो मोबाईलमध्ये बघून सांगतो, "खेड आलं. चौदा मिनिटं लेट."

या मुलानेच संगमेश्वर सुटल्यावर जाहीर केलं, "मान्सून महाराष्ट्रात आला. देवगडपर्यंत."

देवगडपर्यंत! आम्ही तिकडेच चाललो होतो. म्हणजे पाऊस दक्षिणेकडून आणि आम्ही उत्तरेकडून. यावर कुणी काही बोलणार इतक्यात गाडी बोगद्यात शिरली.

कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत, आणि उक्षी ते भोकेच्या मधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. आत शिरलं की रेंज जाते, आवाज इतका होतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि उघड्या खिडक्यांच्या डब्यात ओलसर गार वारा घुसतो. भांडण, गप्पा, फोन, सगळं जागच्या जागी थांबतं. कोकणातला प्रवासी याला इतका सरावलाय की वाक्य तोंडात अर्धवट धरून ठेवतो आणि उजेड आला की पुढचा शब्द टाकतो. त्या दिवशी मात्र सगळ्यांनी आपापलं पहिलंच वाक्य तोंडात धरलेलं होतं. ती सहा-सात मिनिटं मी चेहरे बघत बसले. डब्यातल्या पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक जण मनातल्या मनात त्या बातमीचा वाटा पाडत होता.

बाहेर पडल्यावर सगळे एकदम बोलले.

डोंबिवलीकर म्हणाले, "हे अधिकृत आहे का पण?" बागायतदार म्हणाले, "संपला आंबा." काकी म्हणाल्या, "माझी आमसुलां!" आणि आजोबा म्हणाले, "आज रोहिणी लागलं ना. वेळेवरच आलाय की!"

एकाच बातमीची ही चार रूपं. यातलं एकही दुसऱ्याच्या उपयोगाचं नव्हतं, तरी प्रत्येकाला वाटत होतं की बातमी खरी आपलीच.

डोंबिवलीकरांचा जीव अधिकृतपणात अडकला होता. त्यांनी हॉटेलला आगाऊ पैसे भरलेले. मालवण-तारकर्लीची जलक्रीडा मेअखेरीस पावसाळ्यासाठी बंद होते, आणि त्यांचं बुकिंग नेमकं त्या आधीच्या उरल्यासुरल्या मुदतीतलं. त्यांनी लगेच हॉटेलवाल्याला फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे आम्हा सर्वांच्या साक्षीने. "साहेब, इकडे मस्त ऊन आहे," हॉटेलवाला म्हणाला. त्याच्या मागे पत्र्यावर पाऊस पडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. डोंबिवलीकरांनीही ऐकला. पण फोन ठेवून ते समाधानाने बायकोला म्हणाले, "बघ, ऊन आहे." पैसे भरलेल्या माणसाचा हवामान खात्यापेक्षा हॉटेलवाल्यावर जास्त विश्वास असतो. मी त्यांना हसणार नाही. न परतणाऱ्या पैशांसाठी मीही कधी कधी बराच आशावाद बाळगते.

बागायतदार शांत होते. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची पेटी रुबाबात परदेशी जाते, पण मेअखेरीचा आंबा हा रुबाबाचा नसतो. तो कॅनिंगचा. झाडावर राहिलेला, डागाळलेला, बारका, सगळा काढून पल्पच्या कारखान्याला घालायचा आणि हंगामाचा खर्च भरून काढायचा, हे शेवटचे पंधरा दिवस त्यासाठी असतात. पाऊस आला की फळमाशी येते, फळ गळतं, आणि ओल्या फांदीवर गडी चढवायला मन धजत नाही. "शेवटची काढणी राहिली," एवढंच ते म्हणाले आणि पेपरातलं हवामानाचं कोपऱ्यातलं चित्र घडी करून खिशात ठेवलं. पेपर ज्याचा होता तो बघत होता, पण बोलला नाही.

काकींचं दुःख मात्र बोलकं होतं. रातांब्याची सालं आगळात बुडवायची, उन्हात घालायची, वाळली की पुन्हा बुडवायची, पुन्हा घालायची. आमसूल काळं, लवचिक होईपर्यंत हे चालतं, आणि त्याला लागतं फक्त कडक ऊन. ते ऊन आठवडाभर गायब होतं. मुंबईला लेकीकडे त्या चार दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या, आणि मागे अंगणात सुपं, खाटेवर रातांबे, माडीवर फणसपोळी. आता घरी फोन चालला होता. "माळ्यावर घाल गो. पंखो लाव. पंख्यान् काय होणां नाय, तरी लाव." मध्येच बोगदा आला. बाहेर पडल्यावर त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, कारण बोगद्यात पलीकडच्या बाईला नेमकं काय ऐकू गेलं याचा भरवसा नाही.

मुलगा तोवर ॲपवरून उठून हवामानशास्त्रात शिरला होता. मान्सून आला असं खातं कसं ठरवतं ते त्याने वाचून दाखवलं. १० मेनंतर, केरळ आणि आसपासच्या ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान अडीच मिलिमीटर पाऊस व्हावा लागतो, शिवाय वाऱ्यांची दिशा आणि वेग वगैरे. काकींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"अडीच मिलिमीटर म्हणजे किती रे?"

मुलाने बोटांची चिमट करून दाखवली.

"एवढ्यात माझी सुपं भिजतत," काकी म्हणाल्या. "मग कशाक दोन दिवस थांबायचां?"

आजोबांचं म्हणणं वेगळंच. त्यांच्या लेखी पाऊस लवकर आलेलाच नव्हता. सूर्य २५ मेच्या सुमारास रोहिणीत जातो, आणि कोकणात भाताची धूळपेरणी रोहिणीतच करायची. आपल्याला त्याची आठवण राहिलेली नाही कारण आपण जूनपासून शाळेचं दप्तर मोजतो, असं त्यांनी डोंबिवलीच्या मुलांकडे बघून सांगितलं. मग रोहिणीचं वाहन कोणतं यावर त्यांचं आणि बागायतदारांचं मतभेदाचं बोलणं सुरू झालं. बेडूक, म्हैस, हत्ती असं वाहन असलं की पाऊस चांगला, असं पंचांगवाले सांगतात. हवामान खात्याचे उपग्रह आणि पंचांगातला बेडूक यांच्यात आजोबांना काही विरोध दिसत नव्हता. दोन्ही त्यांच्या खिशात होते. एक मोबाईलवर आणि एक घडी घातलेल्या कागदावर.

आणि या सगळ्यात एक जण असा होता ज्याला पावसाशी काहीच देणंघेणं नव्हतं. वरच्या बर्थवर झोपलेले गृहस्थ. मध्येच खाली वाकून म्हणाले, "मी आधीच बोललो होतो." कुणाला बोलले होते, कधी, हे कुणी विचारलं नाही. असं बोलणाऱ्याला तेवढं स्वातंत्र्य आपण देतो. वडे आले तेव्हा त्यांनी दोन प्लेट घेतल्या आणि पुन्हा झोपले. मांडवीत खाणं इतकं येत राहतं की रत्नागिरीपर्यंत कटलेट, साबुदाणा वडा, सूप यांच्या आवाजांनीच माणूस वेळ ओळखतो.

टीव्हीवर हीच बातमी असती तर चौकोनात सहा जण ओरडत बसले असते आणि खाली लाल पट्टी धावली असती. डब्यातही सहा जण ओरडतच होते म्हणा. फरक एवढाच की इथे ओरडणाऱ्या प्रत्येकाकडे वाळत घातलेलं, लोंबकळणारं किंवा आगाऊ भरलेलं काहीतरी होतं. टीव्हीतले लोक बातमीवर मत देतात. डब्यातले बातमीला नातेवाईक करून घेतात. तिला कुठे बसवायची, काय खायला द्यायचं, कधी जाणार, असं सगळं. मला दुसरं जास्त आवडतं, जरी त्यात आवाज कमी होत नसला तरी.

रत्नागिरी सोडल्यावर पानवलचा पूल लागतो, ६४ मीटर उंच. ऊन असताना मुलं खाली वाकून बघतात. त्या दिवशी खाली ढग होते, आणि डोंबिवलीच्या धाकट्याने विचारलं, "आपण विमानात आहोत का?" त्याचे वडील त्या क्षणी पहिल्यांदा हसले. पुढे राजापूर रोडपाशी पाऊस खिडकीतून आत येऊ लागला, आणि सगळ्यांनी धडाधड काचा खाली ओढल्या. अधिकृतपणाचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

माझ्या आईचा फोन कणकवलीच्या आधी आला. तिने कधी पोचणार हे विचारलं नाही. "गो, निळां प्लॅस्टिक घेवन ये. मोठां. पडवी झाकूक व्हया." कोकणात याला आगोटीची तयारी म्हणतात. लाकडं आत घेणं, कौलं परतणं, सुकी मासळी डब्यात भरणं, ही सगळी कामं मेच्या शेवटच्या पंधरवड्यासाठी राखलेली असतात आणि तो पंधरवडाच वाहून गेलेला. कणकवलीच्या बाजारात दुकानदाराकडे ताडपत्री संपली होती. त्याने वर मला दटावलं, "जूनमध्ये येतो माल. मेमध्ये कोण विचारतं?" दुसऱ्या दुकानात शेवटचा तुकडा मिळाला. त्याच तुकड्यावर नजर ठेवून उभ्या असलेल्या एका बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरायचं ठरवलं आहे.

सोमवारी सकाळी पडवीत बसून आम्ही मुंबईच्या बातम्या बघत होतो. मान्सून मुंबईतही पोचला होता, आजवरच्या नोंदींत इतक्या लवकर कधी नाही. कुलाब्यात मे महिन्याचा पाऊस २९५ मिलिमीटरवर गेला होता, १९१८चा उच्चांक मोडून. आणि मग वरळीचं ते आचार्य अत्रे चौकाचं भुयारी मेट्रो स्थानक, जेमतेम पंधरवड्यापूर्वी सुरू झालेलं, आणि त्याच्या जिन्यांवरून गढूळ पाणी घरंगळत खाली येतंय, असा व्हिडिओ. तो दर दोन मिनिटांनी कुठल्या ना कुठल्या गटातून पुन्हा येत होता. भाऊ सरकारवर घसरला, वहिनी कंत्राटदारावर. मुलाने विचारलं, मेट्रो पाण्यात चालते का.

आई सगळं शांतपणे बघत होती. व्हिडिओ तिसऱ्यांदा संपल्यावर तिने चष्मा काढला.

"तुझी मावशी वरळीकच रवता ना? तिका फोन लाव. गच्चीवर पापड घातल्यान् हत, ते काढल्यान् काय विचार."