वेण्णाकाठचं हिम: कुठे आणि कसं बघावं

डिसेंबर-जानेवारीत ‘महाबळेश्वरात हिमकण’ अशी बातमी आली की साताऱ्याहून मेढा-केळघरमार्गे आम्ही रात्रीच वर निघतो. बाजारपेठेत थांबण्यात अर्थ नाही, तिथे काही दिसत नाही. पाचगणी रस्त्यावरच्या वेण्णा तलावाकाठी किंवा लिंगमळ्याच्या बाजूला उजाडायच्या आत पोचायचं.

बातमीत पारा 5-6 अंशांवर असतो; मग पाणी गोठतं कसं? तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच, पेटीत असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवत आभाळाकडे उष्णता टाकत राहतं आणि वरच्या हवेपेक्षा कितीतरी गार होतं. त्यात उतारांवरची थंड, जड हवा ओघळून या खोलगट भागात साचते. ढग आले किंवा वारा सुटला की रात्र वाया गेलीच म्हणून समजा.

बॅटरी आडवी धरून एकेक पातं बघा, घाई करू नका. काचेसारखे पारदर्शक मणी म्हणजे आधी पडलेलं आणि मग गोठलेलं दव. पात्याच्या कडेला पांढऱ्या बारीक सुया असतील, तर तिथे वाफेचा थेट बर्फ झालाय. गाड्यांचे टपही लवकर पांढरे होतात, कारण त्या पत्र्याला खालून मातीची ऊब मिळत नाही.

ध्रुवाकडची जमीन वर्षानुवर्षं गोठलेली असते. इथली थंडी फक्त वरवरची. हातभर खाली दिवसरात्रीचा फरक जवळजवळ पोचतच नाही, त्यामुळे मातीत शिरलेले बेडूक, गांडुळं, किडे सुखरूप राहतात.

खरी काळजी स्ट्रॉबेरीची. उमललेलं फूल उणे 1 अंशाच्या आसपासच दगावतं. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र राहतात, पण मधला पिवळा भाग काळा पडतो आणि फळ धरत नाही. जांभ्याची तांबडी माती कोरडी असली की तिच्या पोकळ्यांत हवा भरते आणि खालची उष्णता वर येत नाही. म्हणून गारठ्याच्या आदल्या दिवशी वाफे भिजवलेले बरे. रात्री तुषार चालवले, तर गोठणारं 1 किलो पाणी 334 किलोज्यूल उष्णता सोडतं. पण तेवढ्याच पाण्याची वाफ होताना साधारण सातपट उष्णता खेचली जाते. त्यामुळे तुषार मध्येच बंद करणं सर्वांत घातक; ऊन चढून बर्फ आपोआप वितळेपर्यंत ते चालूच ठेवावे लागतात.

फोटोसाठी वाफ्यांत शिरू नका. गोठलेलं पान पायाखाली आलं की आतल्या पेशी फुटतात आणि दुपारपर्यंत ते काळवंडतं.