लेकीच्या वाटेने राजमाची

लोणावळ्याहून राजमाची, मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी कोंढाण्याच्या लेण्यांवरून उतरून कर्जत. ही वाट मी जानेवारीत चालले. त्याआधी नाताळच्या सुट्टीत माझी १६ वर्षांची लेक आणि तिची मैत्रीण हीच वाट चालून आल्या होत्या. दोघीच. बरोबर मोठं माणूस कोणी नाही.

परळला आमच्या बिल्डिंगमध्ये हे कळलं तेव्हा जिन्यात भेटेल तो विचारायचा, "असं कसं सोडलंत हो?" आदल्या वर्षी वरच्या मजल्यावरचा मुलगा मित्रांबरोबर हरिश्चंद्रगडाला गेला होता, तेव्हा याच लोकांनी त्याची पाठ थोपटली होती. मला फार राग आला होता आणि अजून आहे. पोरगी आठवीपासून डोंगरात फिरतेय. पेब, कोथळीगड, कळसूबाई झालंय. राहायचं घरसुद्धा मी स्वतः फोन करून ठरवलं होतं.

दोघी धडधाकट परत आल्या. "कसं झालं?" विचारलं तर "मस्त." फक्त माझ्या सासूबाईंचं नाव घातलेला स्टीलचा डबा, ज्यातून मी बेसनाचे लाडू दिले होते, तो नव्हता. "लोकलमध्ये राहिला, सॉरी." डब्याचं एवढं काही नाही. पण त्या एका शब्दाच्या "मस्त"ने मला चैन पडेना. लहानपणी शाळेतून आली की चप्पल काढायच्या आधी बोलायला लागणारी मुलगी ही. शेवटी एका शुक्रवारची रजा टाकली आणि एकटीच निघाले. घरी सांगितलं, मलाही बघायचंय.

दादरहून पहाटेची इंद्रायणी. कर्जतला घाट चढवायला मागून इंजिनं जोडतात, तेवढ्यात फलाटावरचा गरम वडा. १८६३ साली सुरू झालेला हा बोरघाट मी शंभरदा पाहिला असेल, तरी दरवेळी दारात जाऊन उभी राहते. पलीकडे दरीच्या डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन ही राजमाचीच्या बालेकिल्ल्यांची जोडी शोधायची. या वेळी ती शोधताना पोटात कालवलं. इतकं लांब?

लोणावळा, तुंगार्ली, मग राजमाचीवरच्या उधेवाडी गावापर्यंत साधारण १५ किलोमीटर. वाट अवघड नाही, पण कंटाळवाणी आहे. धूळ फार, आणि बाइकवाले अंगावरून जातात तेव्हा पाच मिनिटं डोळे उघडता येत नाहीत. फोनची रेंज लवकरच गेली. त्या दिवशीही अशीच गेली असणार. मी तिला घातलेली अट होती, प्रत्येक थांब्यावर फोन. तुंगार्लीहून तिचा फोन आला तो शेवटचा. ती अख्खी रात्र मी स्वयंपाकघरात काढली होती.

वाटेत एका फाट्यावर मी थांबले. एक वाट सरळ, एक खाली झाडीत उतरणारी. खालची जास्त मळलेली, सावलीची, बघताच पावलं तिकडे वळावीत अशी. एका गुराख्याला विचारून मी सरळ गेले.

उधेवाडीत पोचले तेव्हा ऊन कलतं होतं. पोरी ज्यांच्या घरी राहिल्या होत्या, त्या मावशींनी सारवलेल्या ओटीवर बसवलं, पाणी दिलं. मी आत डोकावले तर फळीवर, पितळी पातेल्याच्या शेजारी, आमचा डबा. सासूबाईंचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, मधलं एक अक्षर झिजलेलं.

"तुम्ही त्या पोरीच्या आई का?" मावशींनी माझ्याकडे बघूनच ओळखलं. "लाडू आमच्या नातवंडांना वाटले तिनं. सकाळी घाईत डबा राहिला. रिकामा कसा धाडायचा कुणाबरोबर, म्हणून ठेवला."

मग चुलीपुढे बसून त्यांनी सगळं सांगितलं. दिवेलागण होऊन गेली तरी पोरींचा पत्ता नव्हता. कुत्री भुंकायला लागली म्हणून मावशी बाहेर आल्या, तर वाटेवर दोन टॉर्च. मैत्रिणीच्या बुटाचा तळ निघालेला, ओढणी फाडून बांधलेला. फाट्यावरून त्या खालच्या वाटेला लागल्या होत्या आणि तासभर उतरत गेल्या होत्या. मैत्रीण रडत होती. माझी लेक तिला म्हणाली, शेवटची जी जागा आपल्याला नक्की माहीत आहे, तिथपर्यंत मागे जायचं, पुढे अजिबात नाही. तो सगळा उतार त्या पुन्हा चढल्या.

"मोठी माणसं ऐकत न्हाईत," मावशी म्हणाल्या. "उतरलोय तर निघेल वाट कुठंतरी, म्हणून रेटत जातात. मग रात्री आमचे पोरगे बत्त्या घेऊन शोधायला. ही मागं फिरली. हुशार हाय."

पिठलं-भाकरी खाऊन मैत्रीण झोपून गेली. आणि मग माझी लेक, वाटेत डोळ्यांतून टिपूस न काढलेली, या चुलीपुढे, मावशींच्या मांडीवर डोकं ठेवून खूप वेळ रडली. म्हणाली, आईला सांगू नका, ती परत पाठवणार नाही.

डबा लोकलमध्ये का राहिला ते आत्ता कळलं. इथे राहिला म्हणाली असती तर मी मावशींना फोन केला असता.

वाट चुकल्याचं ऐकून मला भीती वाटली, पण ती थोडाच वेळ. लागलं ते दुसरंच. मी इथून एवढ्या जवळ, परळला, रात्रभर जागी होते आणि तिला रडायला दुसऱ्याची मांडी शोधावी लागली. त्या रात्री गोधडीत मी स्वतःला विचारत राहिले, तिने घरी येऊन सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? उत्तर मला माहीत होतं. "बघ, म्हणून मी म्हणत होते," हेच म्हटलं असतं. पुढचा ट्रेक बंद केला असता. बिल्डिंगमधल्या लोकांवर चिडणारी मी, वेळ आल्यावर त्यांच्याच रांगेत उभी राहिले असते. आणि सोळाव्या वर्षी ती हे ओळखून होती.

सकाळी श्रीवर्धनवर जाऊन आले. उल्हासच्या खोऱ्यात धुकं होतं, जास्त काही दिसलं नाही. निघताना मावशींनी डबा हातात दिला, जड लागला. आत वालाचे दाणे, घट्ट दाबून भरलेले. चहाचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

कोंढाण्याची उतरण गुडघ्यांना भारी आहे, आणि शनिवार असल्याने खालून चाळीस-चाळीस जणांचे घोळके स्पीकर वाजवत वर येत होते. अख्खी दरी त्या आवाजाने भरून टाकतात, याची चीड येते. लेण्यांपाशी मात्र शांत होतं. तिथे एका शिल्पाजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे, कान्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढाच. लेकीच्या फोनमधले कितीतरी फोटो याच एका ओळीचे होते. मी तेव्हा विचारलंही नव्हतं, का म्हणून. कोंदिवड्याहून टमटम, कर्जतहून लोकल, दादरपर्यंत बसायला जागा.

घरी आले तेव्हा ती क्लासला गेली होती. मी डबा ओट्यावर ठेवला, वाल भिजत घातले, आंघोळ केली. ती आली, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर येईना. मी जाऊन दारात उभी राहिले. ती डब्यावरच्या त्या झिजलेल्या अक्षरावरून बोट फिरवत होती.

"मावशी बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत. वाल दिलेत."

मी पाटावर बसले, भिजलेला एक वाल सोलून बघितला. अजून कडक होता. ती येऊन समोर बसली.

"आई, त्या फाट्यावर ना, खालच्या वाटेला इतकी छान सावली होती..."