किती पट मोठे दिसते?

घरी सूक्ष्मदर्शक आहे असे कळले की पहिला प्रश्न येतो तो ‘किती पट मोठे दाखवतो?’ हाच. तुम्हीही तोच विचारलात म्हणून सांगतो : माझा 400 पटींपर्यंत दाखवतो, पण मी बहुतेक वेळा 40 वरच असतो. 40 पटींना साधारण साडेचार मिलिमीटर रुंदीचा भाग दिसतो. 400 ला त्याचा दहावा हिस्सा उरतो, उजेड कमी होतो आणि पदार्थाचा अगदी पातळ थर तेवढा स्पष्ट राहतो.

सुरुवातीला मी थेट 400 वर गेलो आणि भिंगाखाली काचपट्टी तडकवली. मग एकदा जाड काळ्या कडेची गोल वर्तुळे दिसली, तेव्हा पेशी सापडल्या म्हणून घरच्यांना हाका मारल्या. ते हवेचे बुडबुडे होते. वरची पातळ काच मी थेंबावर सपाट टाकत असे. ती एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडू लागल्यावर ते थांबले.

खरी गोडी लावली ती बटाट्याने. चिरलेल्या फोडीवरून सुरी फिरवून निघालेले दुधाळ पाणी पाहिले, तर शिंपल्यांसारखे लंबगोल कण दिसले. मात्र खालच्या उजेडाची झडप थोडी मिटल्यावरच त्यांच्यावरची वलये उमटली. काचेच्या एका कडेला पातळ केलेल्या आयोडिनचा थेंब आणि दुसऱ्या कडेला टिपकागद ठेवला की औषध आत ओढले जाते आणि कण एकामागून एक निळे पडत जातात. तांदळाच्या पिठातले कण फारच बारीक आणि कोनदार असतात. हळदीत मात्र सुटे कण मिळता मिळेनात, पिवळे गोळेच दिसले; हळकुंडे उकडून वाळवलेली असतात, त्यामुळे त्यांतला स्टार्च आधीच फुगून एकजीव झालेला असतो, हे मागाहून उमगले.

समईच्या वातीतला कापसाचा तंतू पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, तर रेशमाचा काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत. आईच्या जुन्या शालूच्या पदरातून निघालेला जरीचा धागा खालच्या उजेडात नुसता काळा दिसला. बाजूने विजेरी धरली, तेव्हा आतल्या दोऱ्याभोवती गुंडाळत गेलेली धातूची चपटी पट्टी वेढ्यावेढ्याने चमकली, आणि दोनतीन ठिकाणी ती झिजून आतला दोरा उघडा पडलेलाही दिसला. जरीचे हे सारे 40 पटींवरच.