मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीने: न्हाणीचं पाणी उपसणारा पंप

डिसेंबर ते फेब्रुवारी हा मुंबईहून गोव्याला शिडाच्या बोटीने जायचा सगळ्यात चांगला काळ. पहाटे जमिनीकडून मतलई वारे, दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे. राजपुरी, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड असे मुक्काम करत आम्ही मांडवीच्या मुखाशी पोचलो. मार्गाचं थोडक्यात सांगतो. रात्री मासेमारीची जाळी दिसत नाहीत, म्हणून दिवसाउजेडी चाला आणि अंधाराआधी खाडीत शिरा. मालवणात सिंधुदुर्गाभोवती खडक आहेत, माहितगार बरोबर नसेल तर लांबूनच जा. कागदपत्रं हाताशी ठेवा, व्हीएचएफ रेडिओचं (जहाजांशी बोलायचा बिनतारी संच) १६ नंबर चॅनल सुरू ठेवा.

मला लिहायचंय ते न्हाणीबद्दल. खाऱ्या वाऱ्यात दिवस काढल्यावर संध्याकाळी गोड्या पाण्याची अंघोळ मिळाली की माणसं दुसऱ्या दिवशी हसतखेळत शिडाच्या दोऱ्या ओढतात. आणि ती अंघोळ अवलंबून असते एका पंपावर.

३०-३५ फुटी बोटीत न्हाणीची जमीन बहुतेक वेळा बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असते. पाणी आपोआप बाहेर जाऊच शकत नाही, ते उचलून टाकावं लागतं. काही बोटींत ते सरळ बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, सोडलेलं असतं. असं असेल तर निघण्याआधी बदलून घ्या. केस बिल्ज पंपाच्या फ्लोट स्विचमध्ये (पाणी चढलं की तरंगून पंप सुरू करणारं बटण) अडकतात, आणि बोटीत खरोखर पाणी शिरेल त्या दिवशी तो पंप सुरू होणार नाही.

आमच्या बोटीत न्हाणीचं पाणी साचायला झाकणाचा डबा होता. त्यात केस अडवणारी जाळी, फ्लोट स्विच आणि छोटा सेंट्रिफ्युगल (गरगर फिरून पाणी फेकणारा) पंप. जयगडला नांगर टाकल्यावर दुसऱ्याच माणसाच्या अंघोळीला पाणी घोट्यापर्यंत आलं. झाकण उघडलं तर फ्लोटभोवती राखाडी रंगाचा, मुठीएवढा गोळा. लांब केस, किनाऱ्यावरची बारीक वाळू, साबण आणि सगळ्याला धरून ठेवणारं खोबरेल. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. जानेवारीच्या गार रात्री हवा त्याहून खाली उतरते. परदेशी कंपन्यांच्या पुस्तिकेत केस आणि साबणाचा उल्लेख असतो, खोबरेलाचा नसतो. आपल्याकडे पंप निवडताना तो पहिला विचारात घ्यायला हवा.

अशा डब्यांवर ताशी ८०० गॅलन, म्हणजे मिनिटाला ५० लिटर, असा आकडा असतो. तो पाणी अजिबात वर चढवायचं नसेल तेव्हाचा. उंची आणि पाइपाची वळणं आली की तो झपाट्याने उतरतो. शिवाय पंप थांबला की पाइपातलं पाणी डब्यात परत येतं. १९ मिलिमीटरच्या ३ मीटर पाइपात पाऊण लिटरहून जास्त पाणी मावतं. ते डब्यात साचतं, कुजतं, आणि केबिनभर वास पसरतो. रबरी पात्यांचा इम्पेलर पंपही इथे नको, कोरडा चालला की थोड्याच वेळात जळतो.

माझं मत स्पष्ट आहे: डायफ्रॅम पंप घ्या, म्हणजे रबरी पडदा वरखाली करून पाणी ओढणारा. तो कोरडा चालला तरी बिघडत नाही, स्वतः पाणी ओढतो, त्याचे झडप-व्हॉल्व पाणी मागे येऊ देत नाहीत. व्हेल कंपनीचा गल्पर २२० या कामासाठीच बनलाय. १२ व्होल्टवर मिनिटाला सुमारे १४ लिटर काढतो, आणि बोटीवरचा शॉवर ५-७ लिटरच सोडतो. केसही त्यातून निघून जातात. वेगवान, अनेक कप्प्यांचे डायफ्रॅम पंप स्वस्त मिळतात, पण त्यांना बारीक चाळणी लागतेच आणि ती आपल्या तेला-केसांनी लगेच तुंबते.

पंप कुठलाही असो, जाळी अशा जागी बसवा की गुडघे टेकून एका हाताने काढता येईल. जिथे हात पोचत नाही ती जाळी कुणी साफ करत नाही. पाइप आतून गुळगुळीत हवा, कारण नालीदार पाइपाच्या प्रत्येक वळीत साबण बसतो. फ्लोट स्विच टाळा, दाबून धरायचं बटण लावा. पंपाचा आवाज ऐकत पाणी संपेपर्यंत धरायचं, इतकं सोपं.

पाणी बाहेर पडायचं भोक कुठल्या बाजूला आहे तेही पाहा. गोव्याकडे जाताना दुपारचा वारा उजवीकडून येतो आणि बोट डावीकडे कलते. भोक डावीकडे असेल तर ते पाण्याखाली जातं आणि समुद्र पाइपातून आत यायला बघतो. पाइपाला पाण्याच्या पातळीच्या बराच वर उंच वळसा द्या, त्याच्या माथ्यावर हवा आत घेणारा व्हॉल्व ठेवा. भोकापाशी सी-कॉक, म्हणजे बंद करता येणारा नळ, असलाच पाहिजे.

रत्नागिरीला मिरकरवाड्यातल्या एका वायरमनमामांनी आमचे जोड उघडून दाखवले. तांबं हिरवं पडलं होतं. "इथे साधी वायर टिकत नाही, कथिलाचा मुलामा दिलेलीच घ्या आणि जोडावर तापवून आकसणारी गोंदवाली नळी चढवा," असं म्हणाले. फ्यूज पंपावर लिहिलाय तेवढ्याचाच, मोठा नाही.

देखभालीला वेळ फार लागत नाही. रोज शेवटच्या अंघोळीनंतर जाळी काढून केस कचऱ्यात टाका, मग तांब्याभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब घालून ते पंपातून जाऊ द्या. खोबरेल थिजण्याआधीच निघून जातं. आठवड्याला रात्रभर पांढरं व्हिनेगर पाइपात राहू द्या. ब्लीच आणि रॉकेल डायफ्रॅमच्या रबराला मारक, ते जवळ आणू नका. समुद्राच्या पाण्याने अंघोळ करून वर गोडं पाणी घेणार असाल तर साबणाची वडी नको. खाऱ्या पाण्यात तिचे पांढरे कण बनतात आणि व्हॉल्वमध्ये बसतात. शाम्पू चालतो. वाळूचे पाय डेकवरच बादलीत धुवायचे, हा नियम पाहुण्यांनाही सांगा.

बरोबर जादा डायफ्रॅम, व्हॉल्वचा संच, स्टीलच्या क्लिपा आणि दोन-चार फ्यूज असू द्या. हे मुंबईतूनच न्या, वाटेतल्या बंदरांत मासेमारी बोटींचं सामान मिळतं, हे नाही. पंप आवाज करतो पण पाणी ओढत नाही, असं झालं तर पंप खोलायच्या आधी ओढायच्या बाजूच्या क्लिपा तपासा. बहुतेक वेळा तिथूनच हवा जात असते. पावसाळ्यासाठी बोट वर काढताना पाइप गोड्या पाण्याने धुऊन पंप कोरडा होईपर्यंत चालवा आणि जाळी उघडी ठेवा.